जुन्या वर्तमानपत्रांतील निधनवार्ता आणि विवाहवार्ता : घराण्याचा माग कसा काढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, सावंतवाडी, डिचोली या पट्ट्यात मराठी घराण्यांची सोयरीक कधीच एका राज्यात मावलेली नाही. एक मुलगी कोल्हापूरला दिली, सून गोव्याची आणली, थोरला मुंबईत गिरणीला लागला, धाकटा बडोद्याला नोकरीवर गेला तो तिकडचाच झाला, अशी कथा घरोघरी ऐकायला मिळते. सरकारी कागद मात्र राज्याच्या हद्दीवर थांबतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वेळी चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आला. त्यामुळे आजोबांचा जन्म एका राज्याच्या दप्तरात, मृत्यू दुसऱ्याच्या आणि आत्याचे लग्न कुठल्याच दप्तरात नाही, असा घोळ अनेक घरांत आहे.

वर्तमानपत्राला ही हद्द कधी लागू पडली नाही. बेळगावात छापलेला अंक चंदगडला, सावंतवाडीला आणि पुढे गोव्यातही वाचला जाई. म्हणून गावातला माणूस गेला की चार ओळींची बातमी देण्यामागे लांबच्या नातेवाइकांना कळवणे हाच मुख्य हेतू असे. त्या चार ओळींतच नाती, गावे आणि तारखा एकत्र सापडतात. जमिनीच्या उताऱ्यावर मुलांची नावे येतात, मुली बऱ्याचदा गळतात. निधनवार्तेत मुलींचा निदान आकडा तरी असतो. वारसाच्या कामासाठी वंशावळ काढताना बहिणींची नावे सोडून देण्याची जुनी खोड आजही गेलेली नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. तेव्हा एखाद्या जुन्या अंकातली ‘तीन विवाहित मुली’ ही दोन-तीन शब्दांची नोंद किती कामाची ठरू शकते, हे वेगळे सांगायला नको.

निधनवार्ता कशी वाचावी

या भागातील निधनवार्तेचा साचा गेली कित्येक दशके फारसा बदललेला नाही. साधारण नमुना असा : ‘मारुती गल्ली येथील रहिवासी, मूळचे चंदगड तालुक्यातील अमुक गावचे श्री. अमुक (वय ७२) यांचे सोमवारी सकाळी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन विवाहित मुली, जावई, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ८ वाजता सदाशिवनगर स्मशानभूमीत होणार आहे.’

नवखा शोधक यातले नाव आणि वय टिपून घेतो आणि पान उलटतो. मुद्द्याचा भाग नावाच्या पुढेमागे असतो. गल्लीच्या नावावरून मतदारयादी आणि घरपट्टीची नोंद शोधता येते. ‘मूळचे’ या शब्दापुढे गाव असते आणि खरा शोध तिथूनच सुरू होतो. आडनाव ‘-कर’ने संपत असले तर ते गाव आणि आडनावातले गाव एकच असेल असे धरू नये. आडनावातले गाव चार-पाच पिढ्यांपूर्वीचे असू शकते, निधनवार्तेतले गाव मात्र त्या माणसाचे किंवा त्याच्या बापाचे असते. वयातून जन्मसाल काढावे, पण ७०, ७५, ८० असे गोल आकडे दिसले की पुढेमागे पाच वर्षे धरूनच पुढे जावे. ज्यांच्या जन्माचा दाखलाच नव्हता त्यांचे वय घरच्यांनी अंदाजानेच सांगितलेले असते. रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी होते, म्हणून मजकुरात निधनाचा वार नसला तरी रक्षाविसर्जनाच्या वारावरून तो काढता येतो.

‘पश्चात’नंतरची यादी हा या बातमीचा गाभा. त्यात कोण आहे याइतकेच कोण नाही हेही पाहावे. ‘पत्नी’ हा शब्द नसेल तर ती आधी वारलेली असण्याची शक्यता मोठी. मुलगा बापाआधी गेला असेल तर तो यादीत येत नाही, पण ‘सुना’ मोजल्या तर कधी कधी मुलांपेक्षा एक जास्त भरते. ती एक सून म्हणजे मागे राहिलेली विधवा असू शकते. ‘अमुक बँकेचे निवृत्त कर्मचारी अमुक यांचे ते वडील होत’ किंवा ‘अमुक यांचे ते सासरे होत’ अशी शेपटी असेल तर ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी, कारण पुढच्या पिढीचा धागा तिथेच असतो.

एका बातमीवर थांबू नये हेही तितकेच महत्त्वाचे. एकाच मृत्यूची नोंद चार वेळा छापून येऊ शकते : दुसऱ्या दिवशीची बातमी, दिवसकार्याची किंवा उत्तरकार्याची सूचना, आभाराची जाहिरात आणि वर्षाने ‘पहिले पुण्यस्मरण’. पहिली बातमी घाईत दिलेली असते, बहुधा पुतण्याने किंवा शेजाऱ्याने, आणि तिच्यात चुका जास्त. पुण्यस्मरणाची जाहिरात घरातल्यांनी बसून लिहिलेली असते. तिच्यात फोटो असतो आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून मुले, सुना, मुली, जावई नावानिशी असतात. पहिली बातमी हाती लागली नाही तर वर्षानंतरचे अंक जरूर चाळावेत. येथे एक हिशेब लक्षात ठेवावा : पुण्यस्मरण तिथीने केले असेल तर ते तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येते, कारण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असते. मध्ये अधिक महिना आला तर तेच १८-१९ दिवस उशिरा येते.

सौ., गं. भा., कै.

मराठी छापील मजकुरातली आद्याक्षरे म्हणजे फुकटात मिळालेली नोंदवही. ‘सौ.’ लावलेली बाई वारली तर त्या दिवशी नवरा हयात होता. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी असेल तर तो आधीच गेलेला. ‘कै.’ आणि ‘वै.’ दोन्ही मृत व्यक्तीसाठी, पण ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी असे लिहिणारे घर बहुधा वारकरी असते. ‘ह. भ. प.’ तर उघडच आहे. ‘रा. रा.’ हयात पुरुषाला लावत, ‘वे. शा. सं.’ वैदिकाला. सीमाभागातल्या बातमीत ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’ हा शब्द आला तर घर लिंगायत आहे आणि दहन न होता दफन झालेले आहे, हे त्या एका शब्दावरून कळते.

या आद्याक्षरांचा सर्वांत मोठा उपयोग तारखा पक्क्या करण्यासाठी होतो. समजा, १९३८ च्या लग्नवार्तेत मुलाच्या आजोबांच्या नावामागे ‘रा. रा.’ आहे आणि धाकट्या भावाच्या १९४३ च्या लग्नात ‘कै.’ आहे. आजोबांची निधनवार्ता कुठेच सापडली नाही तरी ते या पाच वर्षांत गेले एवढे नक्की झाले. शोध पन्नास वर्षांवरून पाच वर्षांवर आला. जुन्या फायली चाळणाऱ्याला याचे मोल कळेल.

बायकांची नावे कुठे गेली

जुन्या बातम्यांतला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे बायकांची नावे. ‘अमुक वकील यांच्या मातोश्रींचे निधन’ एवढ्यावर अनेक बायांचे आयुष्य छापून संपलेले आहे. नाव दिलेले असले तरी ते सासरचे, आणि सासरी नुसते आडनाव बदलत नसे, पाळण्यातले नावही बदलत असे. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, लग्नानंतर त्याही आनंदीबाई झाल्या. प्रसिद्ध घरांत ही दोन्ही नावे टिकली. सामान्य घरांत माहेरचे नाव त्या बाईबरोबरच गेले.

त्यावर उपाय एकच : बाईचा शोध तिच्या माहेरच्या माणसांच्या बातम्यांतून घ्यावा. तिच्या वडिलांच्या किंवा भावाच्या निधनवार्तेत ‘बहिणी’, ‘विवाहित मुली’ अशी नोंद येते, जावयाचे नाव येते, आणि जावई ओळखीचा निघाला की बाई सापडते. भावाची बातमी जास्त कामाची. वडील जातात तेव्हा मुली नव्याने लग्न झालेल्या असतात. भाऊ जातो तेव्हा भाचे कर्ते झालेले असतात आणि त्यांची नावे पुढे येतात. ज्ञातीच्या कुलवृत्तांतांमध्ये मुलीची नोंद लग्नापाशी थांबते, तिची मुले दुसऱ्या कुळाची म्हणून सोडून देतात. त्या ठिकाणी वर्तमानपत्र कुलवृत्तांताच्या पुढे जाते.

दत्तक पुरुषांचीही अशीच गत. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. राजघराण्याबाहेर, वतनदार आणि भिक्षुक घरांतही हाच रिवाज होता. एखादा पुरुष पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत जन्मघराच्या कागदात दिसतो आणि नंतर गायब होतो, त्याच्या मृत्यूचीही नोंद नाही, अशा वेळी त्याचे दत्तकविधान झाले का ते पाहावे.

विवाहवार्ता आणि लग्नपत्रिका

विवाहाच्या बातम्या निधनवार्तांपेक्षा कमी मिळतात. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांत साधे लग्न बातमी होत नसे. पुनर्विवाह, सत्यशोधक पद्धतीचे लग्न, हुंडा न घेता झालेले लग्न किंवा बड्या घरचे लग्न असेल तरच चार ओळी. नंतर ‘शुभविवाह’ म्हणून छोट्या बातम्या आणि निमंत्रणाच्या जाहिराती येऊ लागल्या. ‘सर्वांना वेगळे निमंत्रण पाठवता आले नाही, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ अशा अर्थाची जाहिरात दिसली की ती पूर्ण उतरवावी. तिच्यात दोन्हीकडचे आजोबा, मामा आणि गावे असतात.

घरात जपलेली लग्नपत्रिका या बातमीची बहीणच. जुन्या पत्रिकेत ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ असा शब्दप्रयोग सर्रास असे, आजच्या वाचकाने दचकू नये. पत्रिकेच्या माथ्यावरचे ‘प्रसन्न’ नीट पाहावे. श्री मंगेश, श्री शांतादुर्गा, श्री म्हाळसा असेल तर कुळाची मुळे गोव्यात शोधावी लागतील, मग घर आज इंदूरला असो की हैदराबादला. गोव्यातल्या देवस्थानांकडे महाजनांच्या याद्या असतात, त्यात कुळाचे आडनाव आणि गाव मिळू शकते. जोतिबा, खंडोबा, यल्लम्मा ही दैवते मात्र इतक्या घराण्यांची आहेत की त्यांच्यावरून गाव ठरवायला जाऊ नये.

तिथीचा घोळ

जुन्या मजकुरात तारखेऐवजी तिथी असते, आणि राज्याबाहेरच्या मराठी माणसांच्या शोधात सर्वाधिक गाड्या इथेच रुळावरून घसरतात.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८४६ चा चैत्र म्हणजे १९२४, त्याच शकाचा माघ-फाल्गुन म्हणजे १९२५. हे झाले महाराष्ट्र, गोवा आणि बेळगावचे. १९५७ पासून सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकाही शकच वापरते, पण तिचे महिने सौर आहेत आणि तिचा चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) सुरू होतो. सरकारी कागदावरचा ‘चैत्र ५’ आणि पंचांगातली चैत्र शुद्ध पंचमी यांचा एकमेकांशी संबंध नाही.

बडोद्यात विक्रम संवत कार्तिकापासून मोजतात, ग्वाल्हेर-इंदूरकडे चैत्रापासून. परिणामी चैत्र ते आश्विन या काळात एकाच दिवसाला दोन ठिकाणी दोन आकडे पडतात. १९३३ चा मे महिना माळव्यात संवत १९९०, तर गुजरातेत १९८९. त्यात आणखी भर म्हणजे महिन्याचे नाव. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, हिंदी पट्ट्यात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात काही फरक पडत नाही, वद्य पक्षात मात्र नाव एक महिना पुढचे येते. मराठी घरात ज्याला भाद्रपद वद्य म्हणतात तो पितृपक्ष हिंदी पंचांगात आश्विन कृष्ण असतो. इंदूरच्या हिंदी वर्तमानपत्रातल्या ‘आश्विन कृष्ण ५’ला मराठी पद्धतीने वाचले तर शोधक कोजागिरीनंतरच्या अंकांत शोधत बसेल, आणि बातमी महिनाभर आधीच छापून झालेली असेल.

हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनात चाले. त्यांचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचा इसवी सन मिळतो, जानेवारीपासून ५९१ मिळवावे. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. मराठवाड्यातून किंवा बिदर-गुलबर्ग्याकडून आलेल्या घरांच्या कागदांत हा सन हमखास भेटतो.

घरात सालाचा पत्ता नसतो, पण श्राद्धाची तिथी पाठ असते. ती उपयोगी आहे, पण आधी ती कोणती तिथी हे विचारून घ्यावे. वर्षश्राद्ध मृत्यूच्या महिन्यात आणि तिथीला होते. पितृपक्षातला महालय मात्र फक्त तिथी धरतो, महिना नाही. शिवाय नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा महालय अविधवा नवमीला करतात, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचा चतुर्दशीला, आणि तिथी माहीत नसलेल्यांचा सर्वपित्री अमावास्येला. म्हणून ‘आजीची नवमी असते’ हे ऐकून नवमीचे अंक काढत बसू नये. त्या वाक्यातून कळते ते एवढेच की आजी सवाष्ण गेली. तेही थोडे नाही, कारण मग तिची बातमी आजोबांच्या बातमीच्या आधीच्या वर्षांत शोधायची.

शेवटची चाचणी वाराची. तिथी आणि इसवी तारीख जुळवली की त्या दिवशीचा वार काढावा, तो बातमीतल्या वाराशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठेतरी एक महिना किंवा एक वर्ष चुकले आहे.

कोणत्या पत्रात शोधावे

बेळगावसाठी पहिला शोध अर्थातच बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’मध्ये. त्याआधीच्या आणि त्याच काळाच्या ‘बेळगाव समाचार’सारख्या साप्ताहिकांत नोंदी कमी, पण वकील, शिक्षक, व्यापारी यांच्या बाबतीत तपशील अधिक. बहुजन समाजातल्या घरांसाठी शामराव देसाई यांचे ‘राष्ट्रवीर’ पाहावे. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती, त्यांच्या बातम्या १९२३ पासूनच्या ‘नवाकाळ’मध्ये निघू शकतात. पुण्याशी नाते असलेल्या घरांसाठी १८८१ पासूनचा ‘केसरी’, १८४९ पासूनचा ‘ज्ञानप्रकाश’ आणि १९३२ पासूनचा ‘सकाळ’. मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ आधी काढावा.

गोव्याची गोष्ट वेगळी. दैनिक ‘गोमन्तक’ १९६२ साली, मुक्तीनंतर सुरू झाला. त्याआधी गोव्यातली मराठी नियतकालिके निघत होती, पण प्रतिष्ठित हिंदू घरांच्या नोंदी पोर्तुगीज पत्रांतही येत. १९०० साली सुरू झालेले ‘ओ हेराल्दो’ १९८३ पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघत होते. तिथे शोधताना आडनावाचे पोर्तुगीज रूप माहीत हवे : शेणवी ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतिम’. पोर्तुगीज लेखनात ‘के’ हे अक्षर फारसे नाही, म्हणून काकोडकर ‘सी’खाली आणि केरकर ‘क्यू’खाली सापडतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून जन्म, विवाह, मृत्यूची नागरी नोंदणी रुजलेली आहे. त्यामुळे तिथे वर्तमानपत्र हा माग आणि नोंदवही हा पुरावा. बेळगावात जुन्या विवाहांच्या बाबतीत नोंदवहीच नसते आणि सगळा भार वर्तमानपत्रावर येतो.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरे दोन भाषांत दुःख कळवत आली आहेत : मराठी पत्रात नातेवाइकांसाठी, स्थानिक भाषेत शेजाऱ्यांसाठी. इंदूरला १९४७ पासूनच्या ‘नई दुनिया’त ‘उठावना’ या शब्दाखाली पाहावे, बडोद्याच्या गुजराती पत्रांत ‘बेसणुं’खाली. हैदराबादच्या जुन्या घरांसाठी ‘निजाम विजय’ हे मराठी पत्र आहे. कन्नड पत्रांत शब्द ‘निधन’ हाच, पण गावांची नावे कन्नड वळणाची, म्हणजे निपाणीचे ‘निप्पाणी’.

एक मर्यादा येथेच सांगितलेली बरी. वर्तमानपत्रात नाव छापून येण्यासाठी घरात लिहिता-वाचता माणूस, शहरात ओळख आणि बऱ्याचदा पैसे लागत. शेतमजूर, बलुतेदार आणि दलित वस्त्यांतली माणसे जुन्या अंकांत क्वचितच भेटतात. १८९६-९७ नंतरच्या प्लेगात आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झात तर सुखवस्तू घरांच्याही नोंदी राहिल्या नाहीत, माणसे इतकी मेली. या वर्षांत बातमी नसणे याचा अर्थ मृत्यू झाला नाही असा कधीही काढू नये.

वाचनालयात गेल्यावर

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर, पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे आणि मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय, हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ही सुरुवात करण्याची ठिकाणे. कुठल्या वर्षाच्या फायली शाबूत आहेत हे जाण्याआधी फोन करून विचारावे. मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे कायद्याने वर्तमानपत्रे जमा होतात. १९५४ च्या पुस्तके जमा करण्याच्या कायद्यात वर्तमानपत्रे आली ती १९५६ साली, तेव्हा त्यानंतरच्या अंकांसाठी तो एक आधार आहे.

दैनिकात बातमी एक ते तीन दिवसांत येते, साप्ताहिकात पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या अंकात, परगावच्या पत्रात महिनाभरानेही. जाड बांधणीच्या फायलीत कडेचा कॉलम शिवणीत जातो आणि निधनवार्ता नेमक्या तिथेच असतात, म्हणून पान सपाट दाबण्याऐवजी ग्रंथपालाला हाक मारावी. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती वेगळ्या असतात. एकीत असलेली बातमी दुसरीत नसते. फोटो काढायची परवानगी मिळाली तर आधी पानाचा माथा तारखेसह टिपावा, मग पूर्ण पान, मग बातमी. नुसत्या कात्रणाचा फोटो दोन महिन्यांनी काही कामाचा राहत नाही. ‘काल निधन झाले’ असे असेल तर अंकाच्या तारखेतून एकच दिवस वजा करून मोकळे होऊ नये, डाक आवृत्ती आदल्या दिवशीच छापलेली असते. संगणकावर उतरवलेले अंक मिळाले तरी जुन्या देवनागरी छपाईत नाव टाकून शोधणे भरवशाचे नाही, डोळ्यांनीच पाने चाळावी लागतात.

बातमी सापडल्यावर पुढे काय

छापील बातमी म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. न्यायालय अंक खरा आहे हे गृहीत धरू शकते, पण आतला मजकूर खरा आहे हे वेगळे शाबीत करावे लागते. वर्तमानपत्रातली माहिती ही ऐकीव माहिती मानली जाते. तेव्हा वकिलाकडे नुसते कात्रण घेऊन जाण्यापेक्षा त्या कात्रणावरून मूळ नोंद गाठावी.

मृत्यूची तारीख आणि गाव हाती आले की जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचे कोतवाल बुक, पाहता येते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात हा शब्द घराघरात पोचला आहे. ही दप्तरे बरीचशी मोडीत आहेत, त्यामुळे मोडी वाचणारा सोबत हवा आणि महिन्यापर्यंतचा नेम आधीच धरलेला हवा. तारीख माहीत असेल तर तासाभराचे काम, नसेल तर आठवडे जातात. चंदगडच्या गावांची १९५६ पूर्वीची जिल्हा पातळीवरची कागदपत्रे शोधताना ती बेळगावच्या नावावर असू शकतात हे ध्यानात ठेवावे. शहरात नगरपालिकेचे मृत्यू रजिस्टर, गोव्यात नागरी निबंधक आणि पुराभिलेख खाते. तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नयेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथे दिवसकार्याला किंवा यात्रेला गेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद निघाली, तर ती निधनवार्तेपेक्षा वजनदार ठरते.

नोंदणीच झालेली नसेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात उशिरा नोंदीची सोय आहे. वर्षापेक्षा जास्त उशीर असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अशा अर्जाला जोडताना अंकाच्या पूर्ण पानाची प्रत, ती कोणत्या वाचनालयातल्या कोणत्या फायलीतून घेतली याची नोंद आणि शक्य असेल तर ग्रंथपालाची सही-शिक्का घ्यावा. कर्नाटकात वारसाच्या कामाला वंशवृक्षाचा दाखला मागतात. तिथे अर्जदाराने सांगितलेल्या नावांशी निधनवार्तेतला मुलामुलींचा आकडा जुळतो का, हे अर्ज देण्याआधीच घरी ताडून पाहावे. ‘तीन विवाहित मुली’ छापलेले असताना वंशवृक्षात दोनच बहिणी दिसत असतील, तर तिसरी कोण आणि ती कुठे दिली होती याचा तपास सही करण्याआधी व्हायला हवा.